थंड पाण्यावरची फळी

सलालाह
रविवार, २१ सप्टेंबर

रेखा बाय,

आधी आले ते तुझे मिस्टर. गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं, उघडलं तर दारात हे, आणि खांद्यावर एवढी मोठी वळकटी. मला वाटलं गादी घेऊन आलेत. म्हटलं झालं, म्हातारीकडे अंथरूण-पांघरूण नसेल असं रेखाने सांगून पाठवलेलं दिसतंय. या-बसा राहिलं बाजूला, मी आधी तेच बोलले, "गाद्या आहेत हो घरात, आपली कशाला वाहून आणली?" ते बिचारे तीन जिने चढून दमलेले. म्हणाले, "आई, गादी नाही ही. नॅटलीचा बोर्ड आहे." तेवढ्यात मागून तुझी लेक आली, हातात वल्हं, डोक्यावर केसांचा बुचडा, आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. मला म्हणते, "आजी, मी आत येऊ?"

विचारते बघ. अकरा वर्षांची असताना शेवटची बघितलेली, तुझे बाबा होते तेव्हा. आता तिच्याकडे बघायला मला मान वर करावी लागते. मी तिला वल्ह्यासकट आत ओढली.

तुला हॉटेलात उतरतो सांगून निघाले होते हे मला मागाहून कळलं. घरी पोचल्यावर तुझ्या मिस्टरांनी तुला सगळं खरं सांगितलं म्हणे, म्हणून तर मी हे लिहायला बसले. पत्ता त्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या कोणाकडून काढला. तुझा नंबर त्यांनीच दिला, पण म्हणाले, "आई, फोन करू नका, ती उचलणार नाही. लिहून पाठवा, वाचेल." आता माझं शिक्षण तिसरी. पण मैथिली म्हणून एक बाई खालच्या मजल्यावर राहते, इंडियन स्कूलला शिकवते, ती ह्या कागदांचे फोटो काढून तुझ्या फोनवर सोडणार आहे. अक्षराला हसू नको.

तर फळी. नॅटली बोर्ड म्हणते, मी फळी म्हणते. हवा भरली की पुरुषभर उंचीपेक्षा मोठी होते, हॉलमध्ये मावेना, एक टोक स्वयंपाकघरात गेलं. तिच्यावर उभं राहून वल्हवत जायचं. ऑक्टोबरअखेर स्कॉटलंडच्या कुठल्या तळ्यात ह्यांची शर्यत आहे, नि तिथलं पाणी म्हणे बर्फातून काढल्यासारखं. तुमच्या मस्कतचा समुद्र तर ह्या दिवसांत अंघोळीच्या पाण्यासारखा, तिथे सवय कशी व्हायची. आणि आमच्याकडे खरीफचा पाऊस सरत आला की समुद्र थंडगार असतो, खालचं पाणी वर येतं. हे मला नातीने सांगितलं. दोन वर्षं इथे राहते मी, पायसुद्धा बुडवला नव्हता.

शुक्रवारी अंगाची तयारी. तुझ्या तानाजीदादाकडे पोर्टातून आणलेलं निळं पिंप आहे, ते गच्चीवर नेलं. मासळीबाजारातून बर्फाच्या पिशव्या आणल्या, माशावर घालतात तो, म्हणून तिच्या अंगाला दिवसभर बांगड्याचा वास येत होता. पिंपात उतरली की पहिला दम लागतो ना, हा, हा असा, तोच खरा वैरी म्हणते. तेव्हा घाबरून श्वास आत ओढायचा नाही, हळूहळू बाहेर सोडायचा. मिनिटभरात अंग ऐकायला लागतं. मी बाजूला खुर्ची टाकून माळ घेऊन बसले. माळ संपली की बाहेर. पहिल्या वेळी मी भराभर ओढले मणी. ती ओठ निळे करून हसते, "आजी, तू चीटिंग करते."

कपड्यांचं पण शास्त्र आहे. हवेकडे बघून घालायचे नाहीत, पाण्याकडे बघून घालायचे. बाहेर ऊन असलं तरी पाणी थंड ते थंड. सुती काही नको, ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. टायरच्या ट्यूबसारखा वास येणारा रबराचा सूट आहे, एक जाड नि एक पातळ. बूट, मोजे, टोपी, शिट्टी, छातीला बांधायचं जाकीट, आणि पायाला एक दोरी. ती दोरी फळीला जोडलेली, म्हणजे पडलं तरी फळी सोडून जात नाही. मी विचारलं, "माणसाला बांधायची अशी दोरी मिळते का ग?" तिला कळलं नाही, तिने तुझ्या मिस्टरांना विचारलं, ते दोरीची गाठ तपासत बसले.

तानाजी रात्री ड्यूटीवरून आला. दारात दोघं समोरासमोर. माझ्या हातात भाताचं पातेलं, मी तशीच उभी. तानाजी म्हणाला, "प्रवास कसा झाला? रस्त्यात उंट असतात." तुझे मिस्टर म्हणाले, "होते." झालं, तेवढंच. मग जेवले. जेवून तानाजीने फळीला अंगठ्याने दाबून हवा बघितली, म्हणाला, "कमी आहे," आणि स्वतः पंप मारायला बसला.

काल सकाळी मिरबातच्या अलीकडे गेलो, बोटी उभ्या असतात त्या आडोशाला. फार छान झालं. एकदा पडली पाण्यात, ते चालायचंच. दुपारी जेवून निघाले.

आज सर्वपित्री. बाबांचं पान गॅलरीत ठेवलं. इथले कावळे लाजत नाहीत, लगेच आला.

वाचलंस तर बरं, नाही वाचलंस तरी मी लिहिलेलं आहे.

तुझी आई


मंगळवार, २३ सप्टेंबर

रेखा,

मैथिली म्हणाली, दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तू बघितलंस. मी तिला काल तीनदा विचारलं. आज ती शाळेतून येताना स्वतःच वर आली नि म्हणाली, "मावशी, खुणा त्याच आहेत हो, त्या बदलत नाहीत."

घर भरून रिकामं झालं की जास्त रिकामं वाटतं. एरवी मला सवय आहे. तानाजी पहाटे जातो, त्याची बायको-मुलं पुण्याला शाळेपायी, मी आपली भांडी दोन घासते नि टीव्ही लावून ठेवते, बघत नाही, आवाज असावा म्हणून. खाली तौहीदचं दुकान आहे, बांगलादेशचा आहे, "अम्मा, कुच चाहिये?" म्हणतो. कधी काही नको असलं तरी मी लिंबू घेऊन येते. फ्रीजमध्ये लिंबंच लिंबं झालीत.

नॅटली पिंपात उतरायची त्या गच्चीवर काल गेले. पिंप तसंच. पाण्यात हात घातला, कोमट झालेलं. ओतून टाकायला मन होईना.

तुला तिचं मनगट दिसलं असेल. सुजलेलं आहे, पण हलतंय बघ, मोडलेलं नाही, तुझ्या मिस्टरांनी बोटं एकेक हलवून बघितली. शनिवारचं मी जरा आवरतं लिहिलं, आता नीट सांगते. सकाळी रिपरिप होती. तिने पातळ सूट घातला, जाड त्या दिवशी नको म्हणाली, थंडी अंगाला ओळखीची व्हायला पाहिजे. आधी नुसतीच गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, श्वास सोडत. किनाऱ्यावरून मीही तिच्याबरोबर श्वास सोडत होते. मग फळीवर चढली. उभी राहिली. रेखा, काय दिसत होती सांगू, सरळ, जशी काय जमिनीवर. मी तुझ्या मिस्टरांना म्हटलं, "ही आपली आहे ना?" ते म्हणाले, "आई, मलापण तसंच वाटतं कधीकधी."

मग वळताना पडली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. चढायची नि पडायची. मनगट तेव्हाच आपटलं. मग वल्हं हातातून गेलं, वाऱ्याने फळी बाहेर ओढली, ती पोटावर पडून हातानेच पाणी ओढत होती. तुझे मिस्टर गुडघाभर पाण्यात उभे राहून शिट्टी मारत होते. शेवटी एका ओमानी कोळ्याने बोट काढली. "यल्ला, यल्ला" करत त्याने तिला फळीसकट ओढून आणली, वल्हंसुद्धा वेचून दिलं, आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. शिव्या असतील, मी मान हलवली.

दात वाजत होते तिचे. मी हातपाय चोळायला धावले तर तुझ्या मिस्टरांनी अडवलं. चोळायचं नाही, गरम पाणी नाही. आधी ओलं काढायचं, कोरडं घालायचं, छाती-पोट गुंडाळायचं, मग गोड चहा, घोट घोट. मी माझी गोधडी नेली होती ती कामाला आली. आडोसा धरला, कपडे बदलले, गाडीत बसवलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून थरथरत होती नि मला, देवाची शपथ, त्या वेळी भीतीच्या मागून कुठेतरी बरंही वाटत होतं. असं कोणी टेकून बसलं नव्हतं कितीतरी दिवसांत. हे लिहू नये खरं तर.

"माय मिस्टेक, पप्पा," म्हणाली. "बॅलन्स गेला."

वारा होता ग. वाऱ्याने होतं असं.

आई


शुक्रवार, २६ सप्टेंबर

रेखा,

काल रात्री नॅटलीचा आवाज आला मैथिलीच्या फोनवर. मैथिलीने चारदा ऐकवला. "आजी, ममाने नो सांगितलं. साध्या पाण्यात एवढ्या वेळा पडली तर तिकडे काय करणार म्हणे. स्कॉटलंड खलास. इट्स ओके, आजी. तू टेन्शन घेऊ नको." शेवटी थोडा वेळ नुसताच श्वास सोडल्याचा आवाज आहे, पिंपातल्यासारखा.

मी रात्रभर बसून होते, आणि आता पूजा न करताच लिहायला घेतलं.

ती चुकली नाही. फळीला मी तेल लावलं होतं.

आता नीट वाच, रागावण्याआधी. शनिवारी पहाटे सगळी निजलेली. फळी हॉलमध्ये आडवी, वल्हं भिंतीला, दोरी दाराच्या कडीला. मी उठले, दिवा लावला, नि बघत बसले. म्हटलं, ही आज खाऱ्या पाण्यात जाणार. आपल्याकडे खाऱ्या पाण्याला जाणारं काहीही कोरडं पाठवलंय का कधी? तुझे बाबा होडी पाण्यात उतरवायच्या आधी आठवडाभर तेल पाजायचे. वल्ह्यांना, कुलपांना, विळ्याला, कडीला. मीठ खातं ग सगळं. माझ्याकडे खोबरेल होतं, इथल्या नारळांचं, मी स्वतः खवून कढवून काढलेलं, घाण्याचं नाही. ते गरम केलं आणि मऊ फडक्याने फळीला लावलं. वरून, पाय ठेवतात तिथे जास्त, कारण तिथे ती खरखरीत होती, म्हटलं पोरीच्या तळव्यांना टोचेल. वल्ह्याला लावलं. मग ती उठली तेव्हा तिच्या पायांना, हातांना लावलं, थंडी वाजू नये म्हणून. ती आडवी होऊन लावून घेत होती, मांजरासारखी. म्हणाली, "आजी, नाइस स्मेल." फळीचं मी तिला सांगितलं नव्हतं. पाण्यात गेल्यावर कळेल, म्हणेल आजीने केवढी चकचकीत केली.

आता सांग, तेलाच्या फळीवर कोण उभं राहील? तिथे देव उभा राहिला नसता.

आणि तिला कळलं होतं. पहिल्यांदा पडली तेव्हाच कळलं असणार. दुपारी तुझे मिस्टर निघायच्या आधी जरा आडवे झाले होते, मी वाळत घातलेलं काढायला गच्चीवर गेले, तर ही फळी पसरून, सुजल्या हाताने, भांडी घासायच्या साबणाने घासत बसलेली. फेसाला खोबरेलाचा वास. मला बघून म्हणाली, "आजी, मीठ धुते." मीठ धुवायला भांड्यांचा साबण लागत नाही, एवढं मला कळतं. पण ती तसं बोलली, मग मीपण "धू हो" म्हटलं नि खाली आले. बापाजवळ बोलली नाही, तुझ्याजवळ बोलली नाही. आपली चूक म्हणून सांगत राहिली, म्हणजे तू आजीला बोल लावणार नाहीस, आणि तिला पुन्हा इथे येता येईल.

मीसुद्धा त्यासाठीच गप्प होते. दोन पत्रं लिहिली नि वाऱ्यावर ढकललं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी दार उघडलंय, उघडं राहू दे. तानाजीने तुला बाबांचं वेळेवर कळवलं नाही. सगळं आटपून मग फोन केला. त्यात माझं काही चालण्यासारखं नव्हतं, मी आतल्या खोलीत होते, बायका धरून बसल्या होत्या. तू त्याच्या घराचा उंबरा तोडलास, आणि मी त्या घरात राहते. मला दुसरं घर नाही. एकाच देशात तू तिकडच्या टोकाला, मी इकडच्या, मधे सगळं वाळवंट. म्हणून ही पोर आली तेव्हा मला वाटलं, बाकी काही होवो, ही येत राहावी.

पण तिचं स्कॉटलंड मोडून नको.

तिने सगळं नेमाने केलंय. रोज गार पाणी, श्वास, कपडे, दोरी. पायाला दोरी होती म्हणून फळी सुटली नाही, जाकीट होतं म्हणून ती तरंगली, पोटावर पडून हातांनी यायचं तिने शिकलेलं होतं म्हणून घाबरली नाही. दमली, गारठली, पण रडली नाही. मी बघितलंय. तिच्यात खोट नव्हती, फळीवर होती.

तुला माझ्याकडे पाठवायची नसेल तर नको पाठवू. तिकडे पाठव.

हे मागाहून लिहिते. मैथिलीला हा कागद देताना तिने वाचला. म्हणाली, "मावशी, नक्की पाठवू?" मी म्हटलं, पाठव, नाहीतर मी फाडीन.

आई


मंगळवार, ३० सप्टेंबर

रेखा,

फोनवर म्हणालीस, आता लिहीत बसू नको, मी करत जाईन फोन. पण फोनवर मला बोलता येत नाही, तू बघितलंस. तू "आई" म्हणालीस नि मी गॅसकडे बघत बसले, दूध उतू गेलं.

मैथिली विचारत होती काय म्हणाली रेखाताई, तर मी सांगितलं, पहिलं विचारलं, "कसलं तेल?"

"खोबरेल," म्हटलं.

"फळीला?"

"फळीला."

मग म्हणालीस, "आई, तू माझ्या सायकलच्या सीटलापण लावलं होतंस. मी शाळेसमोर पडले होते." खरं सांगू, मला आठवेना. लावलं असेल. तू हसलीस की रडलीस तेही मला समजलं नाही, मागून नॅटली ओरडत होती, "ममा, स्पीकरवर टाक."

तर ती जाणार स्कॉटलंडला. चांगलं झालं. त्याआधी तिला थंड पाण्यात अजून दोन दिवस पाहिजेत, जाड सूट घालून, आणि ह्या वेळी तू बरोबर येणार, डोळ्यांनी बघायला. आणि मग तू ते दुसरं बोललीस, की दादा घरात असला तर मी वर येणार नाही, किनाऱ्यावर भेटू. मी "बरं" म्हटलं.

रात्री तानाजीला वाढताना सांगितलं. पहिलं सांगितलं, दुसरं नाही सांगितलं. तो आमटी कालवत राहिला. मग विचारलं, "कुठल्या दिवशी?" सांगितला. पाण्याचा पेला रिकामा केला, हात धुतले, आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. आत आला तो म्हणाला, "त्या दिवशी मी डबल ड्यूटी घेतली. रात्री उशिरा येईन. तिला सांग, वर ये." मी म्हटलं, "तुला भेटायचं नाही तिला?" तर म्हणाला, "मला भेटायचंय ग आई. तिला नको असेल." आणि झोपायला गेला. सकाळी बघते तर दाराशी नवीन गादी. ह्या वेळी खरीच गादी. रात्रीच कधीतरी आणली.

हे मी तुला फोनवर सांगितलं नसतं. मला हमसून आलं असतं. म्हणून लिहिलं. तू उत्तर देऊ नको. यायचं तेव्हा हवं तर त्याच्याशी बोल, नाहीतर नको बोलू. तुमचं तुम्ही बघा. मी मधे येणार नाही, मी बांगडे तळत असेन.

तुझ्या कॉस्मासना सांग, बर्फ मी आणून ठेवते, ह्या वेळी माशाचा नको म्हटलंय तौहीदला, तो चांगला देणार आहे. पिंप घासून ठेवलं. साबणाने घासलं, नंतर पाच बादल्या पाणी टाकलं, हात फिरवून बघितला, कुठेही तेलकट नाही. फळीला मी हात लावणार नाही. नॅटली फोनवर म्हणाली ना, तळव्यांना टोचतं ते चांगलं असतं.

गुरुवारी पहाटे निघणार, संध्याकाळपर्यंत पोचणार, वाटेत उंट बघून चालवा. म्हणजे शुक्रवारी सकाळी पाण्यावर. शुक्रवार, तीन ऑक्टोबर. मैथिलीच्या कॅलेंडरवर खूण केली, माझ्या घरातल्यावर पण केली, आणि तौहीदला सांगून त्याच्या दुकानातल्यावरसुद्धा.